चांदीचे कच्चे मडके

अंबाजोगाईच्या नैर्ऋत्येला, सरळ रेषेत मोजले तर पन्नासेक किलोमीटरवर, तेर आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकात लिहिलेल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासग्रंथात ज्या तगर नगराचा उल्लेख येतो, ते हेच. पैठणच्या पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर असलेले आणि भडोचच्या बंदराला माल पुरवणारे हे गाव. तिथल्या पांढरीत जे सापडले त्यातला बराच भाग आज तेरच्याच रामलिंगप्पा लामतुरे वस्तुसंग्रहालयात आहे. हस्तिदंती मूर्ती, केओलिनच्या बाहुल्या, मणी असे पुष्कळ काही. त्या काळच्या दख्खनी गावांत, आणि तेरमध्येही, सापडणारी एक लहानशी वस्तू मला या सगळ्यांत बोलकी वाटते. ती म्हणजे रोमन नाण्याची मातीची प्रतिकृती. नाण्याचा मातीत साचा घ्यायचा, त्या साच्यात ओली माती दाबून सम्राटाचा चेहरा उमटवायचा, वर दोरा ओवायला कडी किंवा भोक ठेवायचे आणि भाजून काढायचे, की गळ्यात घालायचे पदक तयार. मातीत ठसा उमटवून दागिना करणे या मुलखाला दोन हजार वर्षांपासून ठाऊक आहे. आज जगभर शौकीन आणि व्यावसायिक ज्या धातूमातीचे दागिने करायला शिकत आहेत तिची पहिली कृती हीच आहे. फरक इतकाच, की भट्टीतून बाहेर येते ती चांदी असते.

मेटल क्ले किंवा धातूमाती हा पदार्थ १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला जपानमध्ये, मित्सुबिशी मटेरियल्स या कंपनीत मासाकी मोरिकावा यांनी तयार केला. तिच्यात खरी माती नसतेच. शुद्ध चांदीची अतिशय बारीक पूड, पाणी आणि पूड धरून ठेवणारा, जळून जाऊ शकणारा चिकट पदार्थ एवढेच मिश्रण असते. चांदीचा एकेक कण मिलिमीटरच्या पन्नासाव्या भागाहूनही लहान असतो. हा गोळा कणकेसारखा मळता आणि लाटता येतो. तळहाताला थोडे तेल लावायचे, गोळा सारख्या जाडीच्या दोन पट्ट्यांच्या मध्ये ठेवून लाटायचा, म्हणजे तो कुठे जाड कुठे पातळ होत नाही. त्यावर पिंपळाचे पान पालथे दाबून अलगद उचलले की बारीकातली बारीक शीरसुद्धा उमटलेली दिसते. कडा सुरीने कापायच्या, कडीसाठी भोक पाडायचे आणि तुकडा पूर्ण वाळू द्यायचा. आत ओल राहिली तर भाजताना वाफ होऊन तो फुगतो किंवा तडकतो. वाळलेला तुकडा ठिसूळ असतो, पण याच अवस्थेत त्याच्या कडा घासून साफ करता येतात आणि भेग पडली असेल तर पाण्यात कालवलेली तीच माती भरून बुजवता येते. मग भाजायचे. भट्टीतून तुकडा पांढराफटक, निस्तेज बाहेर येतो. कारण त्याचा पृष्ठभाग सूक्ष्म पातळीवर इतका खडबडीत असतो की त्यावर पडलेला प्रकाश विखरून जातो. पितळी तारेचा ब्रश फिरवला, नंतर गुळगुळीत पोलादाने किंवा अकीकाने घोटले, की त्या पांढरेपणाखालून चांदीची झळाळी वर येते.

हे वाचून कोणालाही वाटेल की दागिना घडवणे आता घरबसल्या जमणारे काम झाले. ऐरण नको, जंतर नको, मूस नको, पत्रा ठोकायला वर्षानुवर्षे कमावलेला हात नको. या समजुतीतच फसगत आहे असे मला वाटते. आकार देणे सोपे झाले हे खरेच. पण कामातला अवघड भाग नाहीसा झालेला नाही, तो हाताकडून आगीकडे सरकला आहे. हातोडीखाली काय चालले आहे ते सोनाराला क्षणोक्षणी दिसते. आगीत तुकड्याच्या पोटात काय घडले ते कोणालाच दिसत नाही. म्हणून धातूमाती शिकणे म्हणजे मुख्यतः भाजणे शिकणे, असे माझे म्हणणे आहे. ते शिकायला कुंभाराच्या आणि सोनाराच्या, अशा दोन्ही घरांची जाण लागते. आणि ही दोन्ही घरे अजून ज्या गावांत आहेत, त्या अंबाजोगाईसारख्या गावांत ही कला महानगरांतल्या हौशी वर्गांपेक्षा चांगली रुजू शकते.

भाजताना होते काय, ते आधी पाहू. चांदी ९६२ अंश सेल्सिअसच्या सुमारास वितळते. धातूमाती भाजताना तिथवर जायचेच नसते. गेलो तर पानाच्या शिरा वितळून हाती चांदीची गोळी येते. सुरुवातीच्या काळातली माती ९०० अंशांवर दोन तास भाजावी लागे. नंतर आलेल्या काही प्रकारांना ६५० अंशांवर अर्धा तास पुरतो. या उष्णतेत चिकट पदार्थ आधी जळून जातो. मग चांदीच्या कणांच्या पृष्ठभागावरचे अणू हलू लागतात. कण जिथे एकमेकांना टेकलेले असतात तिथे धातूचा सांधा धरतो, तो सांधा जाड होत जातो आणि मधल्या पोकळ्या कमी होतात. पोकळ्या कमी झाल्या की वस्तू आक्रसते. पहिली माती लांबीत जवळपास ३० टक्के आक्रसत असे. आता वापरात असलेल्या अनेक प्रकारांत हे प्रमाण ८ ते १२ टक्के आहे. आतून १८ मिलिमीटरची अंगठी हवी असेल तर १० टक्के आक्रसणाऱ्या मातीची अंगठी २० मिलिमीटरची करावी लागते. हा हिशोब कागदावर सोपा आहे. पण आक्रसणे सगळीकडे सारखे व्हायला जाडी सारखी लागते, वाळणे सारखे लागते, आच सारखी लागते. जिथे ती सारखी नसते तिथे वस्तू वाकते किंवा सांध्यात उकलते. मडक्याचा काठ आणि बूड यांत जाडीचा मेळ राखणाऱ्या कुंभाराला हे नव्याने सांगावे लागत नाही.

याहून मोठी अडचण अशी, की अर्धवट भाजलेला तुकडा वरून पूर्ण भाजलेल्या तुकड्यासारखाच दिसतो. तोही पांढरा निघतो, ब्रश फिरवल्यावर तोही चमकतो. त्यातला कच्चेपणा कळतो तो वाकवल्यावर. पक्का तुकडा वाकतो, कच्चा काटकन मोडतो आणि मोडलेल्या जागी दाणेदार दिसतो. हा प्रश्न तेरला जुना आहे. गोरोबा कुंभार तेरचे. त्यांनी संतमंडळींच्या डोक्यांवर थापटणे मारून कोणते मडके कच्चे ते पाहिले आणि नामदेवांकडे बोट दाखवले, ही कथा मराठी घरांत मुलांनाही ठाऊक असते. तिचा आध्यात्मिक अर्थ आपण नेहमी सांगतो. तिच्यातली कारागिरी मात्र नजरेआड करतो. कुंभार मडक्यावर टिचकी मारतो ती आतली पारख बाहेरून करण्यासाठी. धातूमातीत काम करणारेही भाजलेला तुकडा कठीण पृष्ठभागावर हलकेच टाकून आवाज ऐकतात. पक्क्या चांदीचा आवाज खणखणीत येतो, कच्चीचा बद्द. आव्यापाशी वाढलेला कान इथे उपकरणाइतका कामाचा आहे, कारण घरगुती भट्टीचा काटा भट्टीचे तापमान सांगतो, तुकड्याच्या पोटातले सांगत नाही.

सोनाराच्या डोळ्याची गरज दुसऱ्या ठिकाणी लागते. कमी उष्णतेवर भाजणाऱ्या मातीचे लहान दागिने गॅसच्या ज्योतीवरही भाजता येतात. आधी धूर निघतो, चिकट पदार्थ पेट घेऊन विझतो, मग तुकडा तापत तापत केशरी दिसू लागतो. तो रंग काही मिनिटे तसाच टिकवायचा असतो. त्याअलीकडे राहिलो तर तुकडा कच्चा, पलीकडे गेलो तर पृष्ठभाग पाण्यासारखा लकाकू लागतो आणि सगळे नक्षीकाम एका क्षणात जाते. उन्हात हा रंग फिका भासतो, अंधाऱ्या खोलीत गडद. म्हणून भाजण्याची जागा आणि तिथला उजेड ठरलेला असावा लागतो. डाग देताना धातूच्या रंगावरून आच ओळखणे हे सोनाराचे रोजचे काम. ही ओळख पुस्तकातल्या छायाचित्राने येत नाही. जाणत्याच्या शेजारी बसून, त्याने ‘आता’ म्हटले त्या क्षणीचा रंग लक्षात ठेवून ती येते.

माती आणि धातू यांची ही सोबत जपानी शोधाच्या कितीतरी आधीची आहे. अंबाजोगाईहून आग्नेयेला असलेले कल्याण, आजचे बसवकल्याण, ही चालुक्यांची राजधानी. तिथल्या तिसऱ्या सोमेश्वराच्या नावावर असलेल्या ‘मानसोल्लास’ या बाराव्या शतकातल्या ग्रंथात मेण वितळवून मूर्ती ओतण्याची रीत सविस्तर दिली आहे. तिथे सर्वाधिक काळजी घेतली आहे ती मातीची. तीत जळलेला कोंडा, बारीक केलेला कापूस, थोडे मीठ घालायचे, सगळे दगडावर वाटायचे, पहिला थर अगदी पातळ द्यायचा, सावलीत वाळवायचा, मग दुसरा, शेवटी जाड तिसरा. मेणाच्या वजनावरून किती धातू घ्यायचा याचाही हिशोब दिला आहे. बीदरच्या कामातही तेच. जस्त आणि तांब्याच्या मिश्रणाचे भांडे मातीच्या साच्यात ओततात, त्यावर कोरून चांदीची तार बसवतात आणि शेवटी किल्ल्यातली जुनी, ऊनपावसापासून बचावलेली माती नवसागराबरोबर पाण्यात घालून तापवलेल्या द्रावाने ते काळे करतात. जस्ताचा भाग काळा होतो, चांदी पांढरीच राहते. कारागीर ही माती जिभेवर ठेवून पारखतात. या दोन्ही परंपरांत माती धातूला आकार देते किंवा रंग देते आणि नंतर बाजूला होते. धातूमातीत ती जागा धातूच्याच पुडीने घेतली आहे, पण पारखीचे काम उरलेच आहे.

आता आक्षेपांकडे वळू. पहिला आक्षेप जातिवंत कारागिराचा असेल. ही खरी घडण नव्हे, तयार पुडीला दिलेला आकार आहे. ठोकून, ओढून, जोडून केला तोच दागिना. या आक्षेपामागे धातू वितळवणे आणि ठोकणे याच दोन वाटा खऱ्या, असे गृहीत आहे. इतिहास तसे सांगत नाही. दक्षिण अमेरिकेत, आजच्या इक्वेडोरच्या किनाऱ्यावर ला तोलिता इथल्या प्राचीन कारागिरांना प्लॅटिनम वितळवता येत नव्हते, कारण त्याला १,७६८ अंश लागतात. त्यांनी प्लॅटिनमचे कण सोन्याबरोबर तापवले, वितळलेल्या सोन्याने ते बांधून घेतले, पुन्हा पुन्हा तापवून ठोकले आणि दागिने केले. युरोपला प्लॅटिनम कामात आणता येण्याच्या कितीतरी शतके आधीची ही गोष्ट. आपल्या स्वयंपाकघरातल्या मिक्सरमध्ये आणि टेबलफॅनमध्ये बसवलेले काशाचे बुशही बहुधा पूड दाबून आणि भाजूनच केलेले असतात, आणि त्यांतल्या बारीक पोकळ्या तेल धरून ठेवतात म्हणून ते टिकतात. साधन वेगळे म्हणून काम हलके ठरत नाही. अंबाजोगाईत हे तर कोणाला पटवून द्यायला नको. इथल्या संतकवी दासोपंतांनी पंचीकरणाचा वेदान्तविषय कागदाऐवजी भल्यामोठ्या पासोडीवर लिहिला, आणि ती पासोडी या गावाने ग्रंथ म्हणूनच जपली.

दुसरा आक्षेप मजबुतीचा आहे आणि तो पूर्ण खरा आहे. भाजलेल्या चांदीत थोड्या पोकळ्या राहतातच. शिवाय ती शुद्ध, म्हणून मऊ असते. ठोकलेल्या किंवा ओढलेल्या धातूची लवचीक ताकद तिला येत नाही. यातून निघणारा निष्कर्ष मात्र हा, की कोणती वस्तू कशाची करावी हे कळले पाहिजे. साखळी, फासा, बारीक कडी, रोज हातात घासली जाणारी पातळ अंगठी यांसाठी तारच हवी, आणि ती सोनाराने ओढलेली हवी. पदक, कानातले, जाड बटण, उठावाची मूर्ती यांसाठी धातूमाती चोख काम देते. देवघरातल्या टाकांचे उदाहरण घेऊ. अंबाजोगाईची योगेश्वरी ही कोकणातल्या अनेक घराण्यांची कुलदेवता, आणि कुलदेवतेचा टाक बहुधा पातळ पत्रा ठशावर ठोकून केलेला असतो. वर्षानुवर्षे घासून त्याचे नाकडोळे पुसट होतात, पत्रा विरतो, मग नवा करून घ्यावा लागतो. तोच उठाव धातूमातीत केला तर तो भरीव येतो. जुन्या टाकाचा साचा घेऊन केला तर मात्र तो लहान होतो. मूळचा तीन सेंटिमीटर उंचीचा टाक १० टक्के आक्रसल्यावर २.७ सेंटिमीटरचा उरतो. म्हणून साचा घेण्याआधी हिशोब करावा लागतो, किंवा नवा ठसाच मोठा कोरावा लागतो. तंत्राच्या मर्यादा आणि जमेच्या बाजू अशा एकाच वस्तूत दिसतात.

तिसरा आक्षेप पैशाचा आहे. चांदीची धातूमाती तेवढ्याच वजनाच्या चांदीपेक्षा कितीतरी महाग पडते आणि ती बहुधा बाहेरून मागवावी लागते. त्यात आपल्याकडे दागिना ही बचत असते. अडीनडीला मोडला तर काय हाती येईल, हा प्रश्न घेताना आधी विचारला जातो. मोडीत मातीची जादा किंमत आणि केलेले कष्ट दोन्ही बुडतात. हे मान्य करायलाच हवे. पण घडणावळ मोडीत बुडते ती सराफाकडच्या दागिन्याचीही, आणि धातूमातीच्या पदकाला चांदी लागते ती थोड्या ग्रॅमांची. बचतीसाठी पाटल्या आणि गोठ कोणी यातून करणार नाही, करूही नयेत. शिकण्याच्या खर्चाला दुसरी वाट आहे. आकार, ठसा, सांधा, वाळवणे हे सगळे आधी साध्या शाडूवर गिरवता येते. पुढे तांब्याची किंवा काशाची धातूमाती घ्यावी. तांबे उघड्या हवेत तापवले की काळे पडून त्याचे पापुद्रे सुटतात, म्हणून ते नारळाच्या करवंटीच्या कोळशात पुरून भाजावे लागते, म्हणजे हवा लागत नाही. चांदीपर्यंत पोचायच्या आधी भाजण्याची शिस्त इथे कमी खर्चात अंगी बाणते. पूड बारीक असते, म्हणून वाळलेला तुकडा घासताना नाकातोंडावर फडके हवे, हेही याच पायरीवर शिकवले पाहिजे.

चौथा आक्षेप मला सर्वांत गंभीर वाटतो. सोनारकामावर आधीच यंत्राने ओतलेल्या आणि ठशाने दाबलेल्या तयार दागिन्यांनी गदा आणली आहे. त्यात घरोघरी लोक चांदी घडवू लागले तर सोनाराने जायचे कुठे? या प्रश्नाला भावनेने उत्तर देता येणार नाही, वस्तुस्थिती पाहावी लागेल. ही विद्या पिढ्यान्‌पिढ्या घरातच राहिली. बापाकडून मुलाकडे गेली, बाहेरच्याला क्वचितच मिळाली. त्याच घरातल्या बाईला पॉलिश आणि ओवणी मिळाली, भट्टी फारशी मिळाली नाही. आता त्या घरांतली मुले दुसऱ्या वाटांना लागली आहेत आणि महाराष्ट्रातल्या गावोगावच्या पेढ्यांमागे बंगालमधून आलेले कारागीर बसतात. म्हणजे दार बंद ठेवूनही विद्या टिकली नाही. धातूमाती हे दार उघडते. तिला एका टेबलाची जागा पुरते आणि आकाराच्या पहिल्या पायरीला जातीचा वारसा लागत नाही. पण दुसऱ्या पायरीवर, भाजताना आणि जोडताना, जाणता माणूस लागतोच. म्हणून ती सोनाराची जागा हिरावून घेत नाही, त्याला शिकवणाऱ्याची जागा देते. कोल्हापूरजवळच्या हुपरीत चांदीचे एक पैंजण तार, कडी, जोड, घुंगरू, पॉलिश अशा अनेक हातांतून फिरते. तिथे अनेक हातांनी मिळून दागिना पुरा करणे कोणी कमीपणाचे मानत नाही. धातूमातीचा दागिनाही तसा दोघातिघांनी मिळून पुरा होणारा आहे.

वारकरी परंपरेने तेरचे गोरोबा आणि पंढरपूरचे नरहरी सोनार यांना एकाच संतमेळ्यात बसवले. गावगाड्याने मात्र त्यांची कामे वेगळी ठेवली. माती एका आळीत, चांदी दुसऱ्या आळीत, आणि एकाच्या आगीचे ज्ञान दुसऱ्याच्या उपयोगी पडले नाही. धातूमातीमुळे या दोन कामांना नव्याने एकमेकांची गरज लागते आहे. शिक्षणसंस्थांची जुनी परंपरा असलेल्या अंबाजोगाईने हे शिकवायचे ठरवले, तर सुरुवात पिंपळाच्या पानापासून करू नये, असे माझे मत आहे. पान उमटवून मिळणारा आनंद खरा असतो, पण तो शिकणाऱ्याला लवकर निर्धास्त करतो. पहिला धडा साध्या पट्ट्यांचा असावा. सारख्या जाडीच्या पट्ट्या कापाव्यात, त्या वेगवेगळा वेळ भाजाव्यात, भाजण्याआधी आणि नंतर मोजाव्यात, दगडावर टाकून त्यांचा आवाज ऐकावा आणि मग प्रत्येक पट्टी मोडेपर्यंत वाकवावी. मोडलेल्या जागी दाणा दिसतो की नाही हे कुंभाराने आणि सोनाराने शेजारी बसून दाखवावे. तोडण्यासाठी चांदी वाया घालवणे महाग वाटेल, म्हणून तांब्याने सुरू करावे. मोडलेले तांबे भंगारात तरी जाते. एवढे झाल्यावर पान, टाक, पदक, काय हवे ते करावे. शिकणाऱ्याची परीक्षाही त्याच्या नक्षीवरून घेऊ नये. स्वतःचा तुकडा कच्चा आहे की पक्का हे त्याला विकण्याआधी सांगता येते का, यावर ती घ्यावी. ग्राहकाला हे कधीच कळणार नाही. त्याला दोन्ही सारखेच चमकताना दिसतील. म्हणूनच ते कळण्याची जबाबदारी करणाऱ्यावर पडते, आणि जो ती घेतो त्यालाच, त्याचा जन्म कोणत्याही घरात झालेला असो, कारागीर म्हणावे.